वालचंद हिराचंद आणि कुर्ल्याची मोटार: ‘ओरिजनल’ गाडी म्हणजे नेमकी कोणती?

जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कुठल्याही कारखान्यासमोर थोडा वेळ उभं राहा. भंगाराने भरलेले ट्रक एकामागून एक आत जाताना दिसतील. त्यात यंत्रांचे तुकडे असतात, जुने पाइप असतात, करकचून दाबलेल्या पत्र्याचे गठ्ठे असतात. इंडक्शन भट्टीत हे सगळं साधारण सोळाशे अंशांना वितळतं, त्याचे बिलेट ओतले जातात, ते रोलिंग मिलमधून जातात आणि पलीकडून घराच्या स्लॅबची सळई बाहेर पडते. मोटारीचा पत्रा एकदा या वाटेला लागला की तो डॉजचा होता, फियाटचा होता की डॅटसनचा, हे कुणाच्या बापाला सांगता येत नाही.

पण काही माणसं अशी असतात, जी गाडी भट्टीपर्यंत जाऊच देत नाहीत. शेडमध्ये कुजत पडलेली गाडी ते विकत घेतात, गंज खरवडतात, पार्ट शोधत गावोगाव फिरतात. अशी दोन माणसं एकत्र आली की वाद एकाच शब्दावर येतो: ‘ओरिजनल’. इंजिन तेच आहे का? चॅसिस नंबर जुळतो का? रंग कंपनीचा की नंतर मारलेला? सगळंच नवं बसवलं तर गाडी जुनी राहिली का?

जपानच्या पहिल्या स्पोर्ट्स कारवाले हा वाद वर्षानुवर्षं घालत आहेत. आपल्याकडं तोच वाद पद्मिनीवर येऊन थांबतो. आणि पद्मिनीचं मूळ शोधत मागे गेलात की सोलापूरचा एक माणूस भेटतो, वालचंद हिराचंद. स्वतःची मोटार म्हणजे कोणती, हा प्रश्न त्यांनी गाडी जुनी व्हायच्या आधी, ती बनायच्याही आधी सोसला होता. म्हणून आज त्यांची गोष्ट. सिंदिया, विमानं, साखर हे सगळं ओघात येईल, पण आपला मुक्काम मोटारीवर.

सोलापूर ते बार्शी लाइट

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घर गुजराती दिगंबर जैन, धंदा कापसाचा आणि सावकारीचा. मुंबई-पुण्यात कॉलेज केलं, पण पदवी काही पूर्ण झाली नाही. घरच्या पेढीवर बसायचं सोडून त्यांनी लक्ष्मणराव बळवंत फाटक या गृहस्थांबरोबर भागीदारी केली. फाटक आधी रेल्वेत कारकून, नंतर ठेकेदार. एकाकडं कामाची माहिती, दुसऱ्याकडं भांडवल आणि पत. सुरुवातीच्या कामांत बार्शी लाइट रेल्वेचं काम होतं. अडीच फूट रुंदीची ही चिमुकली गाडी मराठवाड्याच्या लोकांना वेगळी सांगायला नको.

ठेकेदारीने त्यांना एक गोष्ट शिकवली, जी पुढं मोटारीत कामाला आली आणि आडवीही आली. मोठं काम म्हणजे फक्त पैसा नव्हे. सरकारची ऑर्डर, सरकारची परवानगी आणि वेळेवर मिळणारं सामान, या तिन्हीचा मेळ बसावा लागतो. भोर घाटातले रेल्वेचे बोगदे, तानसाची पाण्याची पाइपलाइन अशी कामं त्यांच्या कंपन्यांनी केली. १९२६ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली, ती आजही आहे.

जुनं जहाज, नवी पाटी

१९१९ मध्ये वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी वगैरे भागीदारांबरोबर एक जहाज घेतलं. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलेलं हे जहाज मुळात १८९१ चं, कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचं. तेव्हा त्याचं नाव होतं एम्प्रेस ऑफ इंडिया. महायुद्धात त्याचं रुग्णालय झालं आणि नाव पडलं लॉयल्टी. म्हणजे सिंदिया स्टीम नेव्हिगेशनच्या हाती आलं तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचं होतं. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला निघालं. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

इथं जुन्या गाडीच्या नादाला लागलेल्या माणसाने जरा थांबून बघावं. बाहेरून दिमाखदार दिसणारं जुनं यंत्र दुरुस्तीला काढलं की खर्चाचा आकडा कसा फुगत जातो, हे लॉयल्टीने वालचंद यांना चांगलंच दाखवलं. १९२३ मध्ये ती भंगारात निघाली. कंपनी मात्र टिकली. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून तिला बुडवायचा प्रयत्न केला, तरी टिकली. जहाज गेलं तरी धंदा उरला, हा हिशेब त्यांना मान्य होता. त्यांना जहाजाचं प्रेम नव्हतं असं नाही, पण त्यांना हवा होता तो जहाज बांधायचा कारखाना. तो १९४१ मध्ये विशाखापट्टणमला सुरू झाला आणि १९४८ मध्ये तिथून जलउषा पाण्यात उतरली.

दरम्यान १९३० च्या दशकात रावळगाव आणि वालचंदनगरला साखर कारखाने झाले. त्यावर स्वतंत्र लेख होईल, म्हणून इथं एवढंच.

मोटारीचं भूत

त्या काळी हिंदुस्थानात गाड्या मिळत नव्हत्या असं नाही. जनरल मोटर्सचा कारखाना मुंबईत शिवडीला १९२८ पासून चालू होता. फोर्डही होती. मग वालचंद यांना वेगळं काय करायचं होतं?

याचं उत्तर तंत्रज्ञानात आहे. शिवडीत गाडी ‘बनत’ नव्हती, जोडली जात होती. परदेशातून पेट्यांमध्ये सुटे भाग यायचे, इथं ते बोल्ट लावून जोडायचे, वेल्डिंग आणि रंग करायचा की गाडी तयार. याला नॉक्ड डाउन किट म्हणतात. फर्निचर खोक्यात येतं आणि आपण घरी पाना घेऊन जोडतो, तसंच. जोडण्यासाठी शेड, क्रेन आणि माणसं पुरतात. पण बनवायची म्हटलं की इंजिनचा ब्लॉक ओतणारी फाउंड्री हवी, क्रँकशाफ्ट घडवायला फोर्जिंग हवं, गिअर कापायची यंत्रं हवीत आणि दाराचा पत्रा एका झटक्यात दाबणारे मोठमोठे प्रेस आणि त्यांचे साचे हवेत. साच्यांचा खर्च डोळे फिरवणारा असतो. तो हजारो-लाखो गाड्यांवर वाटला गेला तरच परवडतो. बाजार काही हजार गाड्यांचा असेल तर प्रत्येक दाराची किंमत आयात केलेल्या दारापेक्षा जास्त पडते. म्हणून सरकारने सुरुवातीची काही वर्षं आयातीवर कर लावावा, स्वतःची खरेदी इथून करावी, असं संरक्षण मिळाल्याशिवाय हे गणित बसतच नाही.

हे गणित पहिल्यांदा नीट मांडलं ते सर विश्वेश्वरय्या यांनी. १९३५ मध्ये ते युरोप-अमेरिकेतले मोटार कारखाने बघून आले आणि मुंबईत कारखाना काढायची योजना त्यांनी तयार केली. वालचंद त्यात उतरले. १९३७ नंतर मुंबईत खेर यांचं काँग्रेस मंत्रिमंडळ होतं, ते मदतीला तयार झालं. पण दिल्लीच्या सरकारने हात आखडता घेतला. १९३९ मध्ये महायुद्ध लागलं, मंत्रिमंडळ गेलं. मग म्हैसूर संस्थानाचा आधार घेऊन बंगळूरला कारखाना काढायचा विचार झाला, तोही दिल्लीच्या नकारामुळे बारगळला. सैन्याला हजारो ट्रक लागत होते, पण ते बाहेरून आणायचे, इथं बनवायला द्यायचे नाहीत, अशी सगळी तऱ्हा.

वालचंद अमेरिकेत गेले. फोर्डशी बोलणी झाली, पण फोर्डचा हिंदुस्थानातला धंदा आधीच चालू होता, जुळलं नाही. १९४० मध्ये क्रायस्लरशी करार झाला. याच अमेरिका दौऱ्याची दुसरी कमाई मोटारीपेक्षा आधी फळाला आली. परतीच्या विमानप्रवासात विल्यम पॉली हा विमान कंपनीचा माणूस भेटला, त्यातून डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट सुरू झाली. १९४१ च्या ऑगस्टमध्ये तिथं जोडलेलं पहिलं हार्लो विमान उडालंही. विमान हवेत गेलं तरी मोटार अजून कागदावरच होती! १९४२ मध्ये सरकारने वालचंद यांचा त्यातला हिस्सा घेऊन टाकला. आजची एचएएल ती हीच.

मोटारीसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी १९४४ मध्ये नोंदली गेली. कारखाना कुर्ल्याला. १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या: डॉज, प्लिमथ, डी सोटो आणि फार्गो ट्रक.

आणि इथंच ‘ओरिजनल’चा पहिला काटा रुततो. क्रायस्लर परदेशी बाजारासाठी एकच गाडी वेगवेगळ्या नावपट्ट्यांनी विकायची. डॉज किंग्जवे म्हणजे मुळात प्लिमथच, तोंडावरची जाळी तेवढी वेगळी. ट्रकचंही तेच, फार्गो आणि डॉज एकाच मुशीतले. त्यात कुर्ल्याची पहिली गाडी बहुतांशी पेटीतून आलेली. मग आज एखाद्याकडं कुर्ल्याची १९४०-५० च्या दशकातली डॉज असेल, तर तो ती अमेरिकन म्हणून रिस्टोअर करणार की कुर्ल्याची म्हणून? माझं मत विचाराल तर कुर्ल्याची. कुठल्या बोल्टवर कुठला शिक्का आहे आणि कुठला पार्ट इथं बदलला गेला, हाच त्या गाडीचा इतिहास आहे. अमेरिकेहून नवाकोरा क्रोम मागवून तो पुसून टाकण्यात कसली आली हौस?

वालचंद यांना हे जोडकाम पुरेसं वाटत नव्हतं. पण १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, १९५० मध्ये ते कारभारातून बाजूला झाले. याच सुमारास कंपनी फियाटकडं वळली. अमेरिकन गाडी अवजड आणि तहानलेली, तर इटलीची छोटी गाडी आपल्या रस्त्यांना आणि खिशाला परवडणारी. ८ एप्रिल १९५३ रोजी वालचंद यांचं सिद्धपूरला निधन झालं. त्याच वर्षी टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून केंद्र सरकारने ठरवलं, की ज्यांच्याकडं टप्प्याटप्प्याने गाडी इथंच बनवायचा कार्यक्रम आहे, त्यांनाच धंदा करता येईल, नुसतं जोडकाम बंद. जनरल मोटर्स आणि फोर्ड गाशा गुंडाळून निघून गेल्या. जे धोरण वालचंद वीस वर्षं मागत होते ते आलं, पण ते बघायला ते नव्हते.

तेव्हा जपानमध्ये काय चाललं होतं?

आता नकाशावर पूर्वेला जाऊ. १९५२-५३ मध्ये जपानची अवस्था आपल्याहून फार वेगळी नव्हती. निसानने १९५२ मध्ये ब्रिटिश ऑस्टिनशी करार केला. १९५३ मध्ये इसुझुने हिलमनशी, हिनोने फ्रेंच रेनोशी. सगळ्यांची सुरुवात पेटीतून आलेल्या भागांनीच. फरक पुढं पडला. निसानने तीन-चार वर्षांत ऑस्टिनचे सगळे भाग जपानमध्ये बनवायला घेतले आणि ऑस्टिनच्याच दीड लिटर इंजिनचा स्ट्रोक कमी करून स्वतःचं एक लिटरचं इंजिन काढलं. ते १९५७ च्या डॅटसन २१० मध्ये बसलं. पुढच्या वर्षी ती गाडी ऑस्ट्रेलियाची रॅली आपल्या वर्गात जिंकली.

जपानच्या पहिल्या स्पोर्ट्स कारची गोष्टही गमतीची आहे. १९५२ ची डॅटसन डीसी-३ बघितली की ब्रिटिश एमजी आठवते. आत होतं ८६० सीसीचं जुन्या धाटणीचं इंजिन, आणि बनल्या फक्त ५०. त्यानंतर १९५९ मध्ये फायबर ग्लासच्या बॉडीची एस-२११ आली, ती तर साधारण वीसच. १९६२ मध्ये फेअरलेडी १५००, १९६३ मध्ये होंडाची एस-५००, आणि १९६९ मध्ये फेअरलेडी झेड, म्हणजे बाहेरच्या जगाची २४०झेड. नकलेपासून अस्सलपर्यंत यायला सतरा वर्षं.

होंडाच्या छोट्या गाडीचं तर काय सांगावं! ५३१ सीसीचं इंजिन ८००० फेऱ्यांना ४४ अश्वशक्ती द्यायचं. मागच्या दोन्ही चाकांना मोटारसायकलसारखी साखळी, प्रत्येक चाकाची वेगळी, तेलाने भरलेल्या बंद पेटीत. पुढं १९६६ मध्ये एस-८०० च्या उत्पादनात होंडाने साखळी काढून नेहमीचा ॲक्सल बसवला. आता सांगा, साखळीवाल्या गाडीला कुणी नंतरचा ॲक्सल लावला तर? गाडी जास्त टिकेल, सांभाळायला सोपी जाईल आणि भागही होंडाचाच आहे. पण ती गाडी ज्यासाठी आठवायची तीच गोष्ट त्यात उरत नाही.

झेडच्या बाबतीत निसाननेच १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत एक प्रयोग केला. जुन्या २४०झेड विकत घेतल्या, खोलून नव्यासारख्या केल्या आणि डीलरमार्फत पुन्हा विकल्या. कंपनीनेच केलेलं काम, म्हणजे ओरिजनल म्हणायचं की नाही? काही जण म्हणतात होय, काही म्हणतात त्यापेक्षा गंजका पण पहिलाच रंग असलेला पत्रा बरा. दोन्ही बाजूंना आपापलं खरं वाटतं, कारण एक बाजू गाडीला चालणारं यंत्र समजते आणि दुसरी तिला पुरावा समजते.

पद्मिनी: कुणाची गाडी?

आता परत कुर्ल्याला येऊ. प्रीमियरने १९५४ पासून फियाट ११०० म्हणजे मिलेचेंटो बनवली. पुढचे दरवाजे उलटे उघडणारी ती गोल गोल गाडी आपल्याकडं ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली गेली, आणि ते नाव शिवी नसून लाडाचं होतं. १९६४ मध्ये ११००डी आली. १९७२ मध्ये तिचं नाव झालं प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी. इंजिन १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. इटलीत ११००डी १९६६ मध्ये बंद झाली, तर कुर्ल्याची पद्मिनी २००० सालापर्यंत निघत होती. म्हणजे इटलीत चार वर्षं जगलेली गाडी आपल्याकडं साडेतीन दशकं जगली. जपानने करार संपल्यावर स्वतःचं काढलं, आपण तेच साचे झिजेपर्यंत वापरले. याचं खापर वालचंद यांच्यावर फोडता येत नाही. ज्या परमिट राजने स्पर्धकांना दूर ठेवलं, त्यानेच नवं मॉडेल काढायची गरजही संपवली.

पण याचा उलटा परिणाम असा की पद्मिनी ही इटालियन राहिलीच नाही. तिचा पत्रा इथला, इंजिन इथं ओतलेलं, तिचे मिस्त्री इथले. म्हणून काही हौशी लोक पद्मिनीवर फियाटचा बिल्ला चिकटवतात तेव्हा मला वाईट वाटतं. तो खोटेपणाच आहे, आणि तोही ज्या नावासाठी सोलापूरच्या माणसाने आयुष्य घालवलं ते झाकणारा.

जपानशी एक धागा मात्र खरा जुळला. प्रीमियरने १९८५ मध्ये ११८एनई काढली. सांगाडा फियाट १२४ चा आणि इंजिन निसानचं ए-१२, ११७१ सीसी. ‘एनई’ म्हणजे निसान इंजिनच. हेच इंजिन जपानमध्ये डॅटसन सनी १२०० ला होतं. तिथं त्या छोट्या सनीने रेसिंगमध्ये धुमाकूळ घातला आणि आज तिचे शौकीन ए-१२ च्या प्रत्येक स्क्रूवर चर्चा करतात. तेव्हा जुनी ११८एनई कुठं कुजताना दिसली तर एकदम भंगारवाल्याला देऊ नका, निदान बॉनेट उघडून बघा.

आज गाडी ठेवायची असेल तर

हा वाद आता नुसत्या गप्पांचा उरलेला नाही, कायद्यात आलाय. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली दुचाकी किंवा चारचाकी या प्रकारात नोंदवता येते, पण ती मूळ रूपात असली पाहिजे; चॅसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरबदल नको. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंबर प्लेटवर व्हीए अक्षरं. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला रस्त्यावर आणता येते, पण रोज बाजारात न्यायला नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा. ज्यांनी पेट्रोल परवडत नाही म्हणून पद्मिनीत डिझेल इंजिन टाकलं, त्यांची गाडी पन्नाशी गाठूनही इथं अडकणार. तेव्हा ते पाप नव्हतं, शहाणपणा होता. जालन्यासारख्या ठिकाणी तर आणखी एक गुंता आहे. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्याआधीच्या गाड्यांची नोंद तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्याची. तेव्हा १९७० च्या दशकातली गाडी घेताना आधी आरसी बुक बघा, मग चॅसिसवर कोरलेला नंबर कापडाने पुसून त्याच्याशी जुळवा, मग इंजिनचा. नंबर खरवडून पुन्हा ठोकल्यासारखा दिसला तर हात जोडून परत या. पत्र्यात चुंबक फिरवा. चिकटत नसेल तिथं खाली पुट्टी आहे. जुना रंग पूर्ण घासायच्या आधी डॅशबोर्डखालचा, डिकीच्या आतला तुकडा तसाच ठेवा, कारण खरी छटा तिथंच सापडते. काढलेला मूळ पार्ट मोडका असला तरी फेकू नका, पिशवीत चिठ्ठी लावून ठेवा.

मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आल्यावर काळ्या-पिवळ्या पद्मिनी भराभर रस्त्यावरून गेल्या. २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला थांबली. बाकीच्या बऱ्याचशा गाड्यांचा पत्रा कुठल्या ना कुठल्या भट्टीतून गेला असणार. १९७४ च्या पहिल्या पद्मिनी २०२४ मध्ये पन्नाशीला आल्या, त्यातल्या ज्या मूळ इंजिनासह उभ्या आहेत त्यांना व्हीए नंबर मिळू शकतो.